कोळंबीने दुकान बुडाले नाही!

भिलाईच्या वैशाली नगरात दिवेलागणीला खाण्याच्या दुकानांचे फलक उजळतात. कुठे दोसा, कुठे चाट, कुठे बिर्याणी, तर कुठे परदेशी नाव लावलेला चकचकीत गाळा. आत बसणाऱ्यांत पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत, ठेकेदाराकडे राबणारी त्यांची मुले आहेत, विदर्भातून येऊन येथेच स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आहेत. फलकावरचे नाव सर्वांना वाचता येते. पण त्या फलकाखालच्या जागेचा मालक कोण, भाडे कोणाच्या खिशात जाते आणि मागच्या मोरीवर ताटल्या घासणाऱ्याला महिनाअखेर किती मिळते, हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते.

भांडवलदारी वृत्तपत्रे आणि त्यांची नवी भावंडे असलेली मोबाइलवरची करमणूक-केंद्रे हाच मजकूर कटाक्षाने लपवतात. २०२४ साली अमेरिकेतील 'रेड लॉब्स्टर' या माशांच्या उपाहारगृहांच्या साखळीने दिवाळे काढले, तेव्हा या मंडळींनी जगभर एकच कथा पसरवली: कंपनीने वीस डॉलरला हवी तितकी कोळंबी खाऊ देण्याची योजना काढली, खादाड गिऱ्हाइकांनी ताटामागून ताटे रिचवली आणि बिचारी कंपनी बुडाली. भिलाईपासून भुसावळपर्यंत ही कथा हसत हसत सांगितली गेली. तिचे तात्पर्यही सोबत जोडून दिले गेले: गरिबाला पोटभर द्यायला निघालेला मालक बुडतोच, म्हणून द्यावे ते मोजून द्यावे!

ही कथा खोटी आहे. ती निरागस विनोदबुद्धीतून जन्मलेली नाही. दरोडेखोरावरून नजर हटवून जेवणाऱ्याकडे बोट दाखवणे, हे तिचे काम आहे.

जमीन आधी विकली गेली

रेड लॉब्स्टरचा इतिहास थोडक्यात असा. १९६८ मध्ये बिल डार्डन या व्यावसायिकाने फ्लोरिडा राज्यातील लेकलँड या गावी पहिले उपाहारगृह उघडले. समुद्रापासून दूर राहणाऱ्या मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडेल अशा दरात मासे आणि कोळंबी, तीही टेबलावर वाढून, अशी ती कल्पना होती. १९७० मध्ये पिठाच्या गिरण्यांतून वाढलेल्या 'जनरल मिल्स' या बड्या कंपनीने हा धंदा विकत घेतला आणि देशभर पसरवला. १९९५ मध्ये जनरल मिल्सने आपली उपाहारगृहे वेगळी काढली आणि 'डार्डन रेस्टॉरंट्स' ही स्वतंत्र कंपनी अस्तित्वात आली. या सर्व काळात एक गोष्ट महत्त्वाची होती. बहुतेक उपाहारगृहांच्या खालची जमीन आणि वरच्या इमारती कंपनीच्याच मालकीच्या होत्या.

२००३ मध्ये याच साखळीने अमर्याद खेकडे खाऊ देण्याची योजना काढली होती. तीही अंगाशी आली आणि साखळीच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. पण साखळी मोडली नाही, सामुदायिक टाळेबंदी झाली नाही, दिवाळे निघाले नाही. एकाच दुकानाने दोनदा सारखीच चूक केली; पहिल्या वेळी ते तगले आणि दुसऱ्या वेळी कोसळले. मग दोन प्रसंगांच्या दरम्यान काय बदलले, हा प्रश्न विचारणे एवढे तरी पत्रकारितेचे कर्तव्य होते. गिऱ्हाइकाचे पोट बदलले नव्हते. मालकी बदलली होती.

२०१४ मध्ये डार्डन कंपनीने रेड लॉब्स्टर २१० कोटी डॉलरना 'गोल्डन गेट कॅपिटल' या खासगी भांडवल-निधीला विकली. हे निधी कारखाना चालवत नाहीत की चूल पेटवत नाहीत. चालू धंदा विकत घ्यायचा, त्यातील विकण्याजोगे विकायचे, उरलेल्यावर कर्जाचा बोजा टाकायचा आणि काही वर्षांनी तो सांगाडा दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा, हा त्यांचा व्यवसाय. येथेही तेच घडले. विक्रीच्या त्याच व्यवहारात पाचशेच्या घरातील उपाहारगृहांच्या जमिनी आणि इमारती एका जमीनजुमला कंपनीला १५० कोटी डॉलरना विकण्यात आल्या, आणि तीच उपाहारगृहे तिथेच भाडेकरू म्हणून बसवण्यात आली. याचा अर्थ, साखळीच्या किमतीतील दर सात डॉलरमागे पाच डॉलर साखळीच्याच पायाखालची जमीन विकून उभे करण्यात आले. घेणाऱ्याने घर विकत घेतले, आणि पैसे घराच्याच जोत्यातून काढले! विकणाऱ्या डार्डनने आलेली रक्कम कर्ज फेडण्यासाठी आणि स्वतःचेच समभाग परत विकत घेण्यासाठी वापरण्याचे जाहीर केले. भटाऱ्याच्या, वाढप्याच्या, भांडी घासणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काय आले, हे विचारण्याचेही कारण नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक उपाहारगृहाला, काल जी जागा स्वतःची होती त्या जागेचे भाडे भरावे लागले. दिवाळखोरीच्या अर्जासोबत कंपनीने न्यायालयात दिलेल्या माहितीप्रमाणे २०२३ या एका वर्षात भाड्यापोटी १९ कोटी ५ लाख डॉलर गेले. त्यातील ६ कोटी ४० लाखांहून अधिक रक्कम तर धंदा नीट न चालणाऱ्या ठिकाणांची होती. आता कोळंबीचा हिशेब पाहावा. २०२३ च्या जूनमध्ये कायमस्वरूपी केलेल्या त्या बदनाम योजनेपायी झालेला तोटा सुमारे १ कोटी १० लाख डॉलर सांगितला गेला. वर्षाच्या भाड्याचा एका तिमाहीचा हिस्सा काढला, तर तो पावणेपाच कोटींवर जातो, म्हणजे कोळंबीच्या चौपटीहून अधिक. शिवाय कोळंबीची योजना एका सहीने बंद करता येते. भाडेकरार वर्षानुवर्षे मानगुटीवर बसतो आणि दरवर्षी वाढतो. तरीही जगाला कोळंबीचा विनोद सांगण्यात आला, भाड्याची पावती मात्र कोणी दाखवली नाही.

जमीन गेल्यावर सांगाडा पुढच्या हाती गेला. 'थाय युनियन' या थायलंडच्या मासळी-प्रक्रिया कंपनीने २०१६ मध्ये ५७ कोटी ५० लाख डॉलर देऊन २५ टक्के हिस्सा घेतला, आणि २०२० मध्ये इतर गुंतवणूकदारांना घेऊन उरलेली मालकीही मिळवली. कोळंबी विकणारा आणि विकत घेणारा एकाच छपराखाली आले. कोळंबीच्या इतर पुरवठादारांना दूर सारून हा पुरवठा थाय युनियनकडे वळवण्यात आला आणि खर्च वाढला, असा आरोप दिवाळखोरीच्या अर्जातच करण्यात आला. २०२४ च्या जानेवारीत थाय युनियनने अंग काढून घेतले. १३ मे रोजी डझनावारी उपाहारगृहांना अचानक टाळी लागली. भट्ट्या, टेबले, शीतकपाटे यांचा लिलाव पुकारला गेला. १९ मे रोजी दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. त्या वेळी साखळीत सुमारे ३६ हजार कामगार होते. पुढे शंभराहून अधिक उपाहारगृहे बंद झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उरलेली साखळी 'फोर्ट्रेस' या आणखी एका गुंतवणूक-संस्थेच्या पुढाकाराखालील नव्या मालकांकडे गेली.

लेनिनने १९१६ मध्ये साम्राज्यवादावरील आपल्या ग्रंथात, उत्पादनाशी कसलाही संबंध न ठेवता केवळ व्याज आणि कूपने यांवर जगणाऱ्या थराचे विश्लेषण केले होते. रेड लॉब्स्टरच्या इतिहासात तो थर समोर उभा आहे. धंदा वाढवणारा भांडवलदारही कामगाराचे शोषण करतोच. पण वित्त भांडवल तो धंदाच खाऊन टाकते. खादाड कोण, याचे उत्तर येथे मिळते.

सोलणारे हात

या कथेत जे कोणीच दिसत नाहीत, ते म्हणजे कोळंबी सोलणारे. वीस डॉलरात अमर्याद कोळंबी देणे ज्यांच्या जोरावर शक्य वाटले, त्या बायका आणि ती मुले समुद्रापलीकडे आहेत. २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने थायलंडच्या समुत साखोन येथील सोलणी-शेडांत डांबून ठेवलेल्या स्थलांतरित कामगारांची, त्यांत मुलांचीही, हकीकत उघड केली. त्यानंतर थाय युनियनला बाहेरच्या शेडांकडून कोळंबी सोलून घेण्याचे थांबवून ते काम स्वतःकडे घेत असल्याचे जाहीर करावे लागले. ज्या वर्षी ही लाज चव्हाट्यावर आली, त्याच्या पुढच्याच वर्षी याच कंपनीला अमेरिकेतील साखळीचा चौथा हिस्सा घेण्यास पैसा कमी पडला नाही.

हा प्रश्न परक्यांचा नाही. २०२३-२४ मध्ये भारतातून ६० हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीची सागरी उत्पादने निर्यात झाली. किमतीच्या हिशेबाने त्यातील सुमारे दोन तृतीयांश वाटा गोठवलेल्या कोळंबीचा होता, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका होते. ही कोळंबी प्रामुख्याने आंध्र प्रदेशातील तळ्यांत वाढते. सोलणी आणि प्रतवारी बहुतांशी स्त्रिया करतात, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून, पाळीभर उभ्या राहून. २०२४ मध्ये 'कॉर्पोरेट अकाउंटॅबिलिटी लॅब' या अमेरिकेतील संस्थेच्या अहवालाने आंध्रातील या उद्योगातील अत्यल्प मजुरी, कर्जाचा फास आणि धोकादायक कामाची परिस्थिती जगापुढे मांडली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात लादली, तेव्हा पहिला तडाखा कोणाला बसला? निर्यातदाराने तळेवाल्याचा भाव पाडला आणि तळेवाल्याने मजुराचा. तेजीत नफा वर चढतो आणि मंदीत तोटा खाली उतरतो, हा या साखळीचा एकमेव अढळ नियम आहे.

वैशाली नगरातील ज्या तरुणाला परदेशी साखळीचा फलक प्रगतीची खूण वाटतो, त्याने या साखळीची दोन्ही टोके एकदा पाहावीत. एका टोकाला लिलावात निघालेली भट्टी आहे, दुसऱ्या टोकाला बर्फाने बधिर झालेली बोटे. मधल्या मधे कोणाचे घर भरले, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

बंद होणारी साखळी कामगारांनी चालवली

"पण मालकाशिवाय हॉटेल चालते का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. त्याचे उत्तर परदेशात शोधण्याची गरज नाही. ते भिलाईतच पांढरा गणवेश आणि पंख्यासारखा तुरा असलेला फेटा घालून टेबलावर कॉफी ठेवते.

'इंडिया कॉफी हाऊस' ही साखळी जन्माने कामगारांची नव्हती. तिसाव्या दशकातील मंदीत कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा मळेवाल्यांच्या मालाला देशात गिऱ्हाईक मिळवून देण्यासाठी कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले कॉफी हाऊस उघडले. पुढे ती कॉफी बोर्डाच्या ताब्यात आली आणि चाळिसाच्या दशकात देशभर सुमारे पन्नास कॉफी हाऊस झाली. गरज सरल्यावर मात्र बोर्डाचे धोरण बदलले. पन्नासाच्या दशकाच्या मध्यात बोर्डाने ती बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि वाढपी, भटारी, मोरीवाले यांच्यापुढे बेकारी उभी राहिली.

या ठिकाणी रेड लॉब्स्टर आणि कॉफी हाऊस यांची वाट वेगळी झाली. अमेरिकेतील कामगारांना दाराला लागलेले टाळे पाहून बातमी कळली. भारतातील कॉफी कामगार संघटित होते. कम्युनिस्ट नेते कॉ. ए. के. गोपालन यांनी त्यांच्यापुढे सरळ मागणी ठेवली: बोर्डाला चालवायचे नसेल तर कॉफी हाऊस कामगारांच्या हवाली करा. संसदेत आणि रस्त्यावर लढा देऊन बोर्डाला ते मान्य करावे लागले. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला कामगारांची पहिली सहकारी संस्था सुरू झाली. त्याच वर्षअखेर दिल्लीत दुसरी झाली आणि ८ मार्च १९५८ रोजी केरळात त्रिशूर येथे कॉफी हाऊस उघडले. 'इंडिया'चे 'इंडियन कॉफी हाऊस' झाले. नावात एका अक्षराचा फरक पडला, मालकीत मात्र एका वर्गाचा.

त्याच काळात जबलपूर येथे उभ्या राहिलेल्या कामगार सहकारी संस्थेने मध्य प्रदेश आणि आजच्या छत्तीसगडात आपले जाळे पसरवले. नव्या पोलाद-कोळसा-वीज वसाहतींत, इस्पितळांत, कचेऱ्यांच्या आवारात तिची उपाहारगृहे निघाली. केरळातून आलेले कामगार आणि स्थानिक कामगार एकाच स्वयंपाकघरात उभे राहिले. भिलाई हे त्यांचे स्वाभाविक ठिकाण होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन येथील सार्वजनिक पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या वर्षांत सार्वजनिक क्षेत्राची भट्टी पेटत होती, त्याच वर्षांत कामगारांच्या मालकीची चूल पेटत होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. साठ वर्षे उलटून गेली. या काळात कितीतरी खासगी साखळ्या आल्या, मालक बदलून गेल्या, बंद पडल्या. कॉफी हाऊस आजही आहे. तेथे एक कप कॉफीवर तासभर बसणाऱ्या पेन्शनराला कोणी उठवत नाही, आणि तरीही कॉफी हाऊस बुडालेले नाही. गिऱ्हाइकाला उदारपणे वागवल्याने दुकान बुडते, या दंतकथेला याहून चांगले उत्तर कोणते?

गिरणगावातील मासळी-भात

मराठी वाचकाला याचा दुसरा पुरावा मुंबईच्या गिरणगावात सापडेल. कोकणातून एकटा आलेला गिरणी कामगार खानावळीत जेवत असे. त्याच्या ताटातील भात आणि मासळीचे कालवण दहा बाय दहाच्या खोलीत कोणी बाई शिजवत असे. तिला कोणी कामगार मानले नाही की व्यावसायिक मानले नाही. संप झाला की ती उधारीवर जेवू घालत असे आणि त्यासाठी सावकाराचे व्याज स्वतः भरत असे. गिरणगावाचे लढे तिच्या चुलीवर तगले, पण लढ्यांच्या इतिहासात तिचे नाव क्वचितच आले. ही उणीव कामगार चळवळीचीही होती, हे मान्य केले पाहिजे.

१९७५ मध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्यांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केले. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले आणि सावकाराचा पाश सैल केला. या बायका बुडव्या निघतील, असे भाकीत करणारे तोंडघशी पडले. गोल्डन गेटच्या व्यवस्थापकांपाशी पदव्या होत्या, हिशेबनीस होते, वकिलांची फौज होती. गिरणगावातील बाईपाशी उधारीची वही होती. दोघांपैकी जेवणाचा धंदा कोणाला कळला होता, हे इतिहासाने दाखवून दिले आहे.

उणिवा झाकून चालणार नाहीत

तरीही कॉफी हाऊसचे केवळ गोडवे गाऊन भागणार नाही. भांडवली बाजाराच्या समुद्रात सहकार हे एक बेट असते, आणि समुद्र त्याचे किनारे सतत कुरतडत असतो. विरोधक ज्या उणिवांकडे बोट दाखवतात, त्या पक्षकार्यकर्त्यांनी आधी स्वतः मांडल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट जमिनीची. रेड लॉब्स्टरला जी बाब भोवली, तीच कॉफी हाऊसचाही गळा आवळते. १९७६ मध्ये आणीबाणीच्या अंमलात दिल्लीतील कॅनॉट प्लेसचे कॉफी हाऊस पाडण्यात आले. तेथे राजकीय चर्चा होते हाच त्याचा गुन्हा होता. बंगळूरच्या महात्मा गांधी मार्गावरील कॉफी हाऊसला जागामालकाशी दीर्घ न्यायालयीन झुंज दिल्यानंतर एप्रिल २००९ मध्ये आपली अर्धशतकाची जागा सोडावी लागली. दिल्लीत मोहनसिंग प्लेसवरच्या कॉफी हाऊसवरही त्याच सुमारास थकलेल्या भाड्यापायी टाळे लागण्याची पाळी आली होती. चूल कामगारांची आणि जमीन दुसऱ्याची, ही अवस्था फार काळ सुरक्षित राहत नाही.

दुसरी गोष्ट सदस्यत्वाची. सहकारी संस्थेतही कायम सभासद आणि तात्पुरता कामगार अशी उतरंड तयार होऊ शकते. जो ताटल्या घासतो पण सर्वसाधारण सभेत मत देऊ शकत नाही, त्याच्या दृष्टीने संस्था हाच मालक असतो. तिसरी गोष्ट स्त्रियांची. वाढप्यांच्या रांगेत दशकानुदशके स्त्री दिसली नाही, आणि याचे समर्थन करता येईल असे एकही कारण नाही. अन्नपूर्णाच्या बायकांनी जे सिद्ध केले, ते कॉफी हाऊसने इतक्या उशिरापर्यंत न शिकावे, ही खेदाची बाब आहे.

पण या तिन्ही उणिवांचा उपाय खासगीकरणात नाही. खासगी साखळीत जमीन आणखी असुरक्षित असते, तात्पुरतेपणा हाच नियम असतो, आणि स्त्री-कामगाराला प्रवेश मिळतो तो अधिक स्वस्त हात म्हणून. उपाय लोकशाहीच्या विस्तारात आहे. सभासदत्व खुले झाले पाहिजे, हिशेब उघडा राहिला पाहिजे आणि जागा सार्वजनिक मालकीची हवी.

भिलाईपुढील प्रश्न

जमीन विकून तीच भाड्याने घ्यायची, हे गणित फक्त फ्लोरिडात मांडले जाते अशी समजूत कोणी करून घेऊ नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक मालमत्तेच्या 'रोखीकरणा'ची सहा लाख कोटी रुपयांची योजना जाहीर केली. रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या, गोदामे खासगी हाती भाडेपट्ट्याने द्यायची आणि जनतेने वापराचे पैसे त्या पट्टेदाराला मोजायचे. त्यासाठी शब्द नवा काढला, हातचलाखी मात्र जुनीच आहे. भिलाईने तिचे आणखी ठळक रूप घरातच पाहिले. पोलाद कारखान्यांच्या मळीतून लोखंडी भंगार वेचून काढणारी 'फेरो स्क्रॅप निगम' ही सार्वजनिक कंपनी, जिचे मुख्यालय भिलाईत आहे, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ३२० कोटी रुपयांना जपानच्या कोनोइके कंपनीला विकण्याचे ठरले. ज्या वर्षी रेड लॉब्स्टरच्या भट्ट्यांचा लिलाव झाला, त्याच वर्षी भिलाईच्या भट्टीची राखही विकली गेली!

याच भिलाईच्या मातीत शंकर गुहा नियोगी यांनी ठेका कामगारांना माणूस म्हणून उभे राहण्यास शिकवले, आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचा खून करण्यात आला. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळ रेल्वे रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या लढ्याने ठेका कामगाराचा प्रश्न कारखान्याच्या फाटकावर आणून ठेवला. आज तोच ठेका कामगार उपाहारगृहाच्या मागच्या दारी उभा आहे. त्याचा मुलगा पाठीवर डबा बांधून मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोहोचवतो आणि त्याला कामगार नव्हे, 'भागीदार' म्हणतात. फेब्रुवारी २०२५ पासून छत्तीसगडात लागू झालेल्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरते आपले क्षेत्र मर्यादित केले. खाण्याच्या दुकानात नऊच माणसे दाखवणे कोणत्या मालकाला अवघड आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने २९ कामगार कायदे मोडीत काढून चार श्रमसंहिता अमलात आणल्या. मुदतीच्या नेमणुकीला त्यांनी राजमान्यता दिली. म्हणजे रेड लॉब्स्टरच्या कामगाराला एका सकाळी जे कळले, ते येथील कामगाराला नेमणुकीच्या दिवशीच लिहून देण्याची सोय झाली.

या परिस्थितीत काम कोणते, हे स्पष्ट आहे. हॉटेल, खानावळ, घरपोच जेवण या क्षेत्रांतील कामगार विखुरलेला आहे म्हणून तो संघटित होणार नाही, असे मानणे ही पराभूत वृत्ती होय; १९५७ चा कॉफी कामगारही पन्नास ठिकाणी विखुरलेलाच होता. प्रत्येक मोहल्ल्यात त्याची नोंद झाली पाहिजे. नियुक्तिपत्र, किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि भविष्यनिर्वाह निधी या मागण्यांभोवती संघटना उभी राहिली पाहिजे. सार्वजनिक इस्पितळे, विद्यापीठे, रेल्वे स्थानके आणि पोलाद वसाहती येथील उपाहारगृहांच्या जागा सर्वाधिक बोली लावणाऱ्या साखळीला न देता, कामगार सहकारी संस्थांना आणि महिलांच्या खानावळ-गटांना परवडणाऱ्या भाड्याने दीर्घ मुदतीसाठी द्याव्यात, ही मागणी प्रत्येक नगरपालिकेपुढे आणि कारखाना व्यवस्थापनापुढे गेली पाहिजे. सहकारी संस्थांमध्ये जे पक्षसभासद आहेत, त्यांनी तात्पुरत्या कामगारांना आणि स्त्रियांना सभासदत्व मिळवून देण्याचा आग्रह आधी स्वतःच्या संस्थेत धरला पाहिजे. दुसऱ्याच्या मालकावर टीका करण्याचा अधिकार त्यातूनच मिळतो.

वैशाली नगरात उद्याही फलक उजळतील. त्याखाली बसून कोणी पुन्हा सांगेल की, जास्त कोळंबी खाऊ घातल्याने अमेरिकेतले हॉटेल बुडाले. त्याला हसून सोडून देऊ नये. त्याला भाड्याचा आकडा सांगावा, सोलणाऱ्या बायकांविषयी सांगावे, आणि मग चार पावले चालत कॉफी हाऊसमध्ये न्यावे. तेथे समोर कप ठेवणारा माणूस नोकरही आहे आणि मालकही. जगातील सर्व भांडवल-निधी मिळूनही या साध्या गोष्टीचे खंडन करू शकलेले नाहीत. तिचे रक्षण करणे आणि तिचा विस्तार करणे हे मात्र कामगारवर्गाच्या संघटित शक्तीवाचून दुसऱ्या कोणालाही साधणार नाही.